लाउंज नागपुरात, खर्च आलापल्लीत

(चंद्रपूर येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मला दिलेला विषय असा आहे: रोजच्या खर्चासाठी रिवॉर्डवालं क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं. मी बल्लारपूरचा. इथेच इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, महिन्यातले काही दिवस घरून काम करतो. मी कोणत्याही बँकेचा एजंट नाही. हे आधी सांगतो, कारण यूट्यूबवर कार्डांची तुलना करणाऱ्या बऱ्याच व्हिडिओंखाली अर्जाची लिंक असते. तुम्ही त्या लिंकवरून कार्ड घेतलं की त्या माणसाला पैसे मिळतात. मग तो तुम्हाला "कार्ड घेऊच नका" असं कधी सांगेल का?

मी सांगू शकतो. आणि ज्याच्यामुळे हा हिशेब मांडायला बसलो, त्याला मी तेच सांगितलं.

माझ्या खालाचा मुलगा आलापल्लीजवळ एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर त्याचा फोन आला. "भाईजान, बँकेतून फोन आला होता. कार्ड देतायत. पहिल्या वर्षी फी नाही, नंतर ४९९ रुपये. प्रत्येक खर्चावर पॉइंट, सिनेमाच्या तिकिटावर सूट, आणि विमानतळावर लाउंज फुकट. घेऊन टाकू का?"

मी विचारलं, "तू विमानात शेवटचा कधी बसलास?"

तो हसायला लागला. आलापल्लीहून नागपूरचा विमानतळ गाठायचा तर एसटीत अख्खा दिवस मोडतो. म्हणजे लाउंज नागपुरात आणि आपला माणूस आलापल्लीत. सिनेमाची सूट मल्टिप्लेक्सची, जेवणाची सूट ज्या ॲपवर आहे ते ॲप त्याच्या गावात डिलिव्हरीच देत नाही. पुण्या-मुंबईतल्या माणसाचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून ही कार्डं बनवलेली असतात. आपण ती घेतो आणि मग दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घातल्यासारखे फिरतो.

मी त्याला म्हटलं, आधी वही घे आणि महिन्याचा खर्च लिही. तो खर्च असा निघाला. महिना अठरा हजार. त्यातले सहा हजार अम्मीला पाठवतो. खोलीभाडं अडीच हजार. खानावळ साडेतीन हजार. पेट्रोल अडीच हजार. किराणा, कपडे, औषध मिळून दोन हजार. रिचार्ज पाचशे. ऑनलाइन खरेदी हजारभर.

आता यातलं कार्डावर काय जातं बघा. अम्मीला पाठवलेले पैसे जात नाहीत, क्रेडिट कार्डातून माणसाला पैसे पाठवायची सोयच नाही. घरमालक रोख घेतो. खानावळीतही रोखच चालते. उरले सहा हजार. त्यातलं पेट्रोलही बाजूला काढावं लागतं. साध्या कार्डावर पेट्रोलला बहुधा पॉइंट मिळत नाहीत, फक्त एक टक्का सरचार्ज परत येतो. तोही ठरावीक रकमेच्या वरच्या बिलावर, अनेक कार्डांवर चारशे किंवा पाचशे रुपयांपासून पुढे. आपली पोरं पेट्रोल कसं भरतात? "दोनशेचं टाक, भाऊ." संपला विषय. उरले साडेतीन हजार. त्यावर चांगल्यात चांगला एक टक्का धरला तर महिन्याला पस्तीस रुपये, वर्षाला ४२० रुपये. दुसऱ्या वर्षापासून फी ४९९, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. बक्षीस घेण्यासाठी हा मुलगा दरवर्षी बँकेला १६९ रुपये देणार होता.

"एक टक्का" म्हणालो तेही उदारपणे. जाहिरातीत लिहिलेलं असतं, शंभर रुपयांना एक पॉइंट. ते वाचून आपल्याला एक पॉइंट म्हणजे एक रुपया वाटतो. बऱ्याच कार्डांवर पॉइंटची किंमत वीस-पंचवीस पैसे असते. मग एक टक्क्याचा पाव टक्का होतो. शिवाय ते पॉइंट त्यांच्याच कॅटलॉगमधल्या वस्तूंवर वापरा, ठरावीक मुदतीत वापरा, वापरताना शुल्क भरा. म्हणून अर्ज करण्याआधी दोनच आकडे शोधा: एका पॉइंटचे पैसे किती, आणि कोणत्या खर्चावर पॉइंट नाहीत. दुसरी यादी नेहमी लांब असते. तिच्यात पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे असतात, कित्येकदा वीजबिल आणि विमाही असतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो, त्यामुळे वीजबिल हा आपला मोठा खर्च. तो त्या यादीत आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता क्यूआरकडे येतो. इथे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा खरा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येत नाही, फक्त रुपे. तेव्हा मला वाटलं होतं, आता काम झालं. आपल्याकडे स्वाइप मशीन मोजक्या दुकानांत, पण क्यूआर तर पानटपरीवरही आहे. मग एकदा आलापल्लीच्या बाजारात भावासोबत फिरलो आणि माझं रुपे कार्ड जोडून पैसे देत गेलो. औषधाच्या दुकानात झालं. कपड्याच्या दुकानात झालं. किराणावाल्याकडे नाही, चिकनवाल्याकडे नाही, भाजीवाल्या मावशीकडे नाही. कारण साधं आहे. त्यांचा क्यूआर दुकानाच्या नावाचा नाही, स्वतःच्या बचत खात्याचा आहे. असा क्यूआर म्हणजे माणसाला पैसे पाठवणं, आणि तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही. म्हणून कार्ड घेण्याआधी तुमच्या रोजच्या पाच दुकानांत विचारा, क्यूआर दुकानाचा आहे की मालकाचा. हे एवढं काम केलं की निम्मा निर्णय होतो.

तुमच्यात दुकानदारांची मुलंही आहेत, त्यांच्यासाठी थोडं. ग्राहकाने क्रेडिट कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातून साधारण दोन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. म्हणून गोल बाजारात तुम्हाला ऐकू येतं, "कार्ड असेल तर दोन टक्के वेगळे." रुपे क्रेडिट यूपीआयवर छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर हे शुल्क नाही. पण कॅशबॅक येतो कुठून, हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. काही भाग येतो दुकानदाराच्या कापलेल्या टक्क्यातून. बँकेची या धंद्यातली मोठी कमाई होते ती बिल पूर्ण न भरणाऱ्याच्या व्याजातून. म्हणजे मी वेळेवर बिल भरून जे चारशे-पाचशे मिळवतो, त्यात कुठल्यातरी पोराच्या व्याजाचा वाटा असतो.

तो पोरगा एकेकाळी मीच होतो.

पुण्यातली पहिली नोकरी. एका बँकेचा माणूस ऑफिसच्या खालीच टेबल टाकून बसायचा. कार्ड घेतलं, त्यावर मोबाइल घेतला, मित्रांना जेवण दिलं. बिल आलं तेव्हा त्यात दोन रकमा होत्या. एक मोठी, एक छोटी. छोटीच्या बाजूला "मिनिमम ड्यू" लिहिलेलं. मला वाटलं, एवढीच भरायची, बाकीची सवलत आहे. इंजिनिअरिंगची डिग्री हातात होती, गणितात मार्क चांगले होते. अकरा महिने मी छोटी रक्कम भरत राहिलो आणि मोठी जवळपास तिथेच उभी राहिली.

आजच्या दराने मांडून दाखवतो. वीस हजार थकले. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात आहे, म्हणजे ७०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, १२६ रुपये. झाले ८२६. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर तुम्ही भरलेत हजार. म्हणजे कर्ज कमी झालं १७४ रुपयांनी. आणि आणखी एक गोष्ट फोनवरचा माणूस कधीच सांगत नाही. मागचं बिल थकलेलं असेल तर नव्या खरेदीवर पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज दूध घेतलंत, आजपासून व्याज. एटीएममधून कार्डाने रोख काढली तर बिल थकलेलं नसतानाही पहिल्या दिवसापासून व्याज, वर रोख काढण्याचं वेगळं शुल्क. मजुरी रोखीत द्यावी लागते अशा कामात जे आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

आलापल्लीच्या भावाचं वर्षाचं बक्षीस होतं ४२०. वीस हजार एक महिना थकले तर जाणार ८२६. दोन वर्षांची कमाई एका महिन्यात साफ.

अब्बांचं बल्लारपुरात छोटं गॅरेज होतं. स्पेअर पार्टवाला त्यांना महिनाभर उधारी द्यायचा, लाल वहीत मांडायचा, व्याज नाही. ईदच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा माझ्या बॅगेतलं बिल त्यांच्या हाती लागलं. इंग्रजी त्यांना फार येत नव्हतं, पण टक्क्याची खूण आणि आकडे कळत होते. ते म्हणाले, "हा सावकार दारात येत नाही म्हणून तुला त्याची भीती वाटत नाही." मग त्यांनी त्यांच्या बचतीतून ती रक्कम भरली. मी त्यांना ती सात महिन्यांत परत केली, बिनव्याजी.

सावकार हा शब्द त्यांनी रागात वापरला होता, पण कायद्याशी ताडून बघा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के व्याज घेता येतं. कार्डाचे महिन्याचे साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे ४२. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा आज कायदा येऊन आपल्याला त्या ४२ टक्क्यांपासून वाचवेल, या भरवशावर राहू नका.

इथे कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं: मग हे जायज आहे का? मी आलिम नाही. एवढं सांगतो की यावर एकमत नाही. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह अकादमीने २००० मध्ये रियाधच्या अधिवेशनात असा ठराव केला की करारात व्याजाची अट असलेलं कार्ड वापरू नये, मुदतीत पैसे भरायचा इरादा असला तरी नाही. दुसरीकडे, पूर्ण बिल मुदतीत भरत असाल तर गरजेपोटी वापरायला हरकत नाही, असं सांगणारे उलेमाही आहेत. ज्याला ज्याचं पटेल त्याच्याशी बोलावं. मी इंजिनिअर म्हणून फक्त एक आकडा पुढे ठेवतो. कार्ड अजिबात न घेणाऱ्याचं आपल्या भागात वर्षाला चारशे ते दोन-अडीच हजार रुपयांचं "नुकसान" होतं. साधं यूपीआय फुकट आहे. ज्याचं मन मानत नाही त्याने मागासलेला ठरू म्हणून कार्ड घेऊ नये.

आणि जे घेणार आहेत, त्यांच्यासाठी माझं मत. पहिलं कार्ड कायम बिनफीचं घ्या. अशी कार्डं आहेत. ॲमेझॉन पे-आयसीआयसीआय हे २०१८ पासूनचं एक उदाहरण, त्याला वार्षिक फी नाही. पेट्रोलचा खर्च खरोखर मोठा असेल, म्हणजे तुमची स्वतःची पिकअप असेल, रोज चंद्रपूर-गडचिरोली फेरी असेल, तर भारत पेट्रोलियम-एसबीआय किंवा इंडियन ऑइल-एचडीएफसीसारखं पंपाचं कार्ड बघा. पण तुमच्या रस्त्यावरचा पंप त्याच कंपनीचा हवा. भावाच्या रस्त्यावरचा नव्हता. माझ्याकडे दोन कार्डं आहेत, एक बिनफीचं ऑनलाइनसाठी आणि एक रुपे दुकानांसाठी. घरचा कार्डावर जाणारा खर्च महिन्याला बावीस हजारांच्या आसपास आहे, वर्षाला अडीच हजारांच्या वर सुटतात. म्हणजे बकरी ईदच्या बकऱ्याचे चार पाय सुद्धा नाहीत. यासाठी तिसरं कार्ड घेऊन तीन तारखा लक्षात ठेवणं मला परवडत नाही.

तारखेचं आपल्याकडे वेगळं दुखणं आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि पावसात टॉवर कधी बसेल सांगता येत नाही. बिलाची तारीख मात्र पूर बघत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी बँक खात्यातून ऑटो डेबिट लावा, आणि लावताना "टोटल ड्यू" निवडा. तिथे "मिनिमम ड्यू" हाही पर्याय असतो, घाईत तोच टिचकला जातो. एखाद-दुसरा दिवस चुकला तर घाबरू नका. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, थकबाकीची नोंदही कळवता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता अर्ज नाकारला जाण्याविषयी. बल्लारपूरचा पत्ता टाकून मी एकदा अर्ज केला, उत्तर आलं, तुमच्या भागात सेवा नाही. पुण्याचा पत्ता टाकला, कार्ड आठवड्यात दारात. माणूस तोच, पगार तोच. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँका काही भागांना "निगेटिव्ह झोन" ठरवतात आणि तिथे कर्ज आणि इतर सोयी सहज मिळत नाहीत. आपल्याकडे जंगलाचा पिनकोड आणि मोहल्ल्याचं नाव, दोन्ही एकत्र येतात. कारण कळलं नाही की माणूस मनातलं कारण धरून गप्प बसतो. गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी द्यावं लागतं. ई-मेल करून मागा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्याच निर्देशांत असंही आहे की बाकी नसलेलं कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. "सर, बंद कशाला करता, ऑफर देतो" म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवून बघा.

पगाराची स्लिप नसलेल्यांचं काय? शिवणकाम करणारी बहीण, ट्यूशन घेणारी, ठेक्यावरचा कामगार. त्यांना मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकतं. ठेवीपेक्षा थोडी कमी अशी लिमिट मिळते, आणि वेळेवर भरलं की क्रेडिट रिपोर्टमध्ये नाव तयार होतं. पुढे दुकानासाठी किंवा घरासाठी बँकेत जायचं असेल तर त्याचा उपयोग होतो. नुसत्या पॉइंटांसाठी मात्र ठेव अडकवू नका. तुमचा क्रेडिट रिपोर्ट चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. आज घरी जाऊन एक तरी मागवा. कधी न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसलं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

भावाने त्या बँकेला नाही म्हणून कळवलं. दोन महिन्यांचा खर्च वहीत लिहून झालाय, तिसरा चालू आहे. परवा त्याचा फोटो आला, किराणावाल्याला त्याने दुकानाच्या नावाचा क्यूआर काढून दिलाय. आता म्हणतो, भाईजान, पुन्हा बेरीज करून बघू का?

माझं एवढंच होतं. प्रश्न विचारा. नो-कॉस्ट ईएमआयवर मघाशी मागून कोणीतरी हात वर केला होता, तिथूनच सुरू करू.